घरच्यांसाठी सेडान: नवी छोटी घ्यावी की वापरलेली मोठी?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. गाडी बदलायची आहे आणि घरात एकमत होत नाहीये, म्हणून इथे विचारतो.

आम्ही पाच जण. आई-बाबा दोघेही सत्तरीचे, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी. राहायला कोथरूडला, गाव देवरूखजवळ. सध्याची हॅचबॅक खूप जुनी झाली आहे. गावाला जाताना मागे तिघं कोंबून बसतात आणि पिशव्या पायाशी. ऑफिसला मी मेट्रोने जातो, त्यामुळे गाडी महिन्याला सहा-सातशे किलोमीटरच्या वर फिरत नाही. पण जेव्हा फिरते तेव्हा लांब फिरते: सणावाराला देवरूख, अधूनमधून नाशिकला बहिणीकडे. बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे, हे मुद्दाम सांगतो.

बजेट टॅक्स, विमा सगळं धरून बारा लाख. एवढ्यात तीन वाटा दिसतात. एक, नवी डिझायर किंवा अमेझ, वरचं मॉडेल. दोन, नवी स्लाव्हिया किंवा व्हर्टस, सगळ्यात खालचं मॉडेल. तीन, चार-पाच वर्षं वापरलेली सिटी, सियाझ किंवा व्हर्ना. माझा कल तिसऱ्याकडे आहे, कारण मागची सीट. बायकोचं म्हणणं, वॉरंटी असलेली नवीच हवी. बाबा म्हणतात, दुसऱ्याने टाकलेली वस्तू आपण का घ्यायची?

अनुभवी लोकांनी लिहा. काय घेतलंत, आणि आज पुन्हा तेच घ्याल का?

रानवारा
एसयूव्ही घ्या. २०२५ मध्ये सेडान कोण घेतं?

सातारी_कंदी
@रानवारा, मी घेतो. आणि पुन्हा घेईन.

पुणे-सातारा पट्ट्यात नेहमी जाणं-येणं असतं. खंबाटकीत वळणावर सेडान जशी रस्त्याला धरून राहते तशी त्याच किमतीची उंच गाडी राहत नाही. मागे बसलेल्या आईला मळमळत नाही, हा माझ्या घरातला सगळ्यात मोठा फरक. उंच गाडी वळणावर कलते, माणूस डोलतो, आणि आंबा घाट उतरेपर्यंत मागच्या सीटवर आवळासुपारी फिरायला लागते.

डिकीचं म्हणाल तर सिटीची ५०६ लिटर, सियाझची ५१०, स्लाव्हिया-व्हर्टसची ५२१, नव्या व्हर्नाची ५२८. शिवाय बंद डिकी. आंब्याच्या पेट्या ठेवल्या तरी गाडीभर वास नाही आणि ब्रेक मारल्यावर सामान मुलांच्या डोक्यावर येत नाही.

कोकणी_फणस
आंब्याच्या वासाची तक्रार करणारा माणूस प्रथमच पाहिला! :)

पण डिकीबद्दल शंभर टक्के सहमत. @घाटमाथा, गणपतीला जाणार म्हणजे सामान किती असतं तुम्हाला माहीत आहेच. सीएनजीचा विचार असेल तर आधी टाकी कुठे बसते ते पाहा. डिझायरमध्ये टाकी बसली की डिकीत बॅगा उभ्या-आडव्या लावायचा खेळ सुरू होतो. महिन्याला सातशे किमीला सीएनजीची गरजही नाही.

हिशोबनीस
मी जरा आकड्यांत शिरतो, कारण नवी छोटी आणि नवी मोठी यांतला फरक बहुतेकांना चुकीचा वाटतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी आता १८ टक्क्यांत येते. त्याहून लांब गाडीला ४० टक्के. पूर्वी सेसची भर धरून हेच २९ आणि ४५ होतं. म्हणजे दोन्ही स्वस्त झाल्या, पण त्यांच्यातलं अंतर १६ टक्क्यांवरून २२ वर गेलं.

आता उदाहरण घ्या. एक्स-शोरूम (म्हणजे वाहन कर आणि विमा सोडून) ९ लाखांची डिझायर. त्यातून जीएसटी काढला तर मूळ किंमत साधारण ७ लाख ६३ हजार. एक्स-शोरूम ११ लाखांची मोठी सेडान. तिचा जीएसटी काढला तर ७ लाख ८६ हजार. फरक फक्त तेवीस हजारांचा! बाकी सगळा फरक सरकारी तिजोरीत जातो. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर: पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ टक्के. म्हणजे डिझायरवर एकूण कर सुमारे २ लाख ३६ हजार, मोठीवर सुमारे ४ लाख ४६ हजार.

म्हणूनच मोठी सेडान वापरलेली घेण्यात अर्थ आहे. हे साडेचार लाख पहिल्या मालकाने भरून टाकलेले असतात, आणि तो विकतो तेव्हा ते त्याला कोणी परत देत नाही. व्यक्तीकडून व्यक्तीने घेतली तर व्यवहारावर जीएसटीही लागत नाही. डीलरकडून घेतली तर त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के, हा कर तो किमतीत धरतोच.

आणि @रानवारांनी विचारलंय, सेडान कोण घेतं. कमी लोक घेतात, म्हणून तर वापरलेली सेडान त्याच वर्षाच्या क्रेटासारख्या एसयूव्हीपेक्षा बरीच स्वस्त मिळते. घेणाऱ्याने याचा फायदा का सोडायचा?

अनुजा_९
@हिशोबनीस, प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. ४ मीटरचा एवढा फरक पडतो हे माहीत नव्हतं.

रानवारा
ठीक आहे, आकडे पटले. पण पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्याचं काय? आणि आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या गतिरोधकाला शेजाऱ्यांची सेडान रोज घासते. तो आवाज ऐकून मलाच कळ येते.

सातारी_कंदी
गतिरोधकाचा मुद्दा खरा आहे. सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, १६५ मिमी, सियाझचा १७०, व्हर्टसचा १७९. रिकाम्या गाडीला काही होत नाही, पाच माणसं आणि भरलेली डिकी असली की घासते. तिरकी चढवली की बहुतेक ठिकाणी निभावतं. मागच्या स्प्रिंग बसलेल्या असतील तर जास्त घासते, म्हणून वापरलेली घेताना मागे दोघातिघांना बसवून चालवून बघा.

सांधेजोड
मी फिजिओथेरपिस्ट आहे. गाडीतलं फार कळत नाही, गुडघ्यांतलं कळतं. धागाकर्त्यांनी बाबांचा गुडघा मुद्दाम लिहिला आणि अजून कोणी त्यावर आलं नाही, म्हणून लिहिते.

ज्येष्ठांना उंच गाडी सोपी, असा सरसकट समज आहे. तो अर्धाच खरा. बसायला सोपी सीट म्हणजे जिची उंची माणसाच्या गुडघ्याच्या लवणीइतकी किंवा किंचित वर आहे. उंच माणसाला सेडानमध्ये खाली खोल बसावं लागतं, उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. पण माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच आज्या पाच फुटांच्या आतबाहेर असतात. नऊवारी किंवा सहावारी सावरत एका पायावर भार घेऊन उंच गाडीत चढणं त्यांना सेडानमध्ये बसण्यापेक्षा जास्त जड जातं. उतरताना तर पाय जमिनीला लागेपर्यंत लोंबकळतो आणि मग दुखऱ्या गुडघ्यावर आदळतो.

शोरूममध्ये बाबांना घेऊन जा आणि हे बघा: दार किती रुंद उघडतं. उंबरा, म्हणजे दाराखालची पट्टी, किती रुंद आहे. रुंद असेल तर पाय लांब टाकावा लागतो. छताच्या कडेला धरायला हँडल आहे का. बसताना आधी पाठमोरं होऊन सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. उतरताना उलट. उजवा गुडघा दुखरा असेल तर डाव्या दाराने बसताना शेवटी आत येणारा पाय डावा असतो की उजवा, हे त्यांना स्वतः करून बघू द्या. पुढची सीट मागे सरकवून पुढे बसवायचं की मागे, हेही तिथेच ठरेल. सीट थोडी खोल वाटली तर घट्ट फोमची उशी खाली घालून दीड-दोन इंच उंची सहज मिळते. मऊ उशी नको, ती दबते.

आणि आईंनाही न्या. नेहमी ज्याचं दुखतं त्यालाच नेतात.

घाटमाथा
@सांधेजोड, मनापासून आभार. हे कोणत्याही रिव्ह्यूमध्ये वाचलं नव्हतं. आईची उंची पाच फुटांच्या आतच आहे. रविवारी दोघांनाही नेतो.

@हिशोबनीस, तुमचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. बाबा गप्प झाले. बायको म्हणाली, कर वाचला पण गिअरबॉक्स गेला तर? तिचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही.

गॅरेजवाला_मन्या
वहिनींचा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर कागदांवर आणि गाडीच्या अंगावर मिळतं. गाड्या तपासणं हेच माझं काम आहे, त्यामुळे जरा लांब लिहितो.

विक्रेता म्हणतो "एकच मालक, कधी ठोकलेली नाही, चाळीस हजार किमी". तिन्ही गोष्टी पडताळता येतात. मालक किती, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, हे एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीच्या नंबरावरून कळतं. किलोमीटरसाठी अधिकृत सर्व्हिस सेंटरचा इतिहास काढा. प्रत्येक सर्व्हिसला आकडा नोंदवलेला असतो, तो मध्येच मागे गेलेला दिसला तर तिथून उठा. स्टिअरिंगचं चामडं गुळगुळीत, ब्रेक पेडलचा रबर झिजलेला आणि मीटर चाळीस हजार दाखवत असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. २०२१ ची गाडी, तीस हजार किमी सांगतायत आणि चारही टायर २०२४ चे? मग मूळ टायर इतक्या लवकर का गेले, हे विचारायचं. काचांवरही वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर ती बदलली आहे. का बदलली ते विचारा.

अपघातासाठी बॉनेट उघडा. फेंडरचे (पुढच्या चाकावरच्या पत्र्याचे) आणि बिजागरीचे बोल्ट बघा. कारखान्यातून आलेल्या बोल्टवर रंग अखंड असतो. पाना लागला की कोपऱ्यावरचा रंग उडतो. दारांचं रबर बोटाने ओढून खालचे वेल्डचे ठिपके बघा. कारखान्याचे ठिपके ठरावीक अंतरावर, एकसारखे असतात. बंपर बदललेला असला तर घाबरू नका, शहरात बंपर लागतोच. सांगाड्याच्या रेल आणि खांब सरळ हवेत.

आणि फार कमी लोक बघतात ती गोष्ट: चालू विम्याची प्रत मागा. त्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, लिहिलेला असतो. दावा न करता गेलेल्या वर्षांप्रमाणे तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के होतो. पाच वर्षं त्याच मालकाकडे असलेल्या, "कधी ठोकली नाही" अशा गाडीच्या पॉलिसीवर शून्य किंवा २० टक्के दिसला तर एक-दोन वर्षांत दावा झालेला आहे. कशाचा, ते सर्व्हिस सेंटरमधून काढता येतं.

पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ असते. स्टेपनीच्या खड्ड्यात आणि सीटच्या रुळांवर गंज बघा. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ ला चिपळुणात किती गाड्या बुडाल्या, आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या सगळ्याच भंगारात गेल्या नसणार.

हिशोबनीस
नो क्लेम बोनसची युक्ती मलाही नवी. त्याला जोडून: हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. विक्रेत्याचा ५० टक्के तुम्हाला मिळणार नाही. पण तुमच्या जुन्या हॅचबॅकवर साठलेला असेल तर ती विकताना विमा कंपनीकडून पत्र घ्या आणि या गाडीच्या विम्यात लावा. बरेच जण हे सोडून देतात.

वऱ्हाडी_ठेचा
माझा एक वेगळा प्रश्न. दिल्लीच्या नंबराची २०१६ ची डिझेल सिटी इथे अकोल्यात एक जण फारच स्वस्तात देतो आहे. गाडी दिसायला चकचकीत. घ्यावी का?

गॅरेजवाला_मन्या
स्वस्त असण्याचं कारण गाडीत नाही, दिल्लीत आहे. एनसीआरमध्ये (दिल्ली आणि आसपासच्या भागात) डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा घातली गेली, पेट्रोलला पंधरा. दहा वर्षं जवळ आली की त्या गाड्या बाहेरच्या राज्यांत येतात. गाडी चांगली असूही शकते. पण तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), इथे नव्याने नोंदणी, इथला वाहन कर, हे सगळं धरून किंमत करा. "दिल्लीच्या नंबरावरच फिरवा, काही होत नाही" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर नोंदणी बदलणं कायद्याने बंधनकारक आहे. एनओसी त्याने हातात दिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

होंडाने सिटीचं डिझेल आता बंद केलंय. तुमचं रोजचं धावणं भरपूर असेल तरच डिझेलच्या वाटेला जा.

वऱ्हाडी_ठेचा
समजलं. रोजचं धावणं घर ते दुकान. सोडून दिली. :)

दूरदेशी
न्यू जर्सीहून. इकडे घरगुती सेडान म्हणजे कॅमरी नाहीतर अकॉर्ड. इकडेही लोक उंच गाड्यांकडे वळलेत आणि २०२५ पासून कॅमरी फक्त हायब्रिडच मिळते. इकडची एक सवय मात्र तिकडे उचलण्यासारखी वाटते. वापरलेली गाडी घेताना विक्रेत्याचा संबंध नसलेल्या मेकॅनिककडे नेऊन, पैसे देऊन तपासून घेतात. विक्रेता नाही म्हणाला तर व्यवहार तिथेच थांबतो. दीडशे-दोनशे डॉलर जातात, पण त्यात कोणाला वाईट वाटत नाही. आपल्याकडे "तपासायचे पैसे कशाला, माझा मित्र बघेल" असं होतं. मित्राला संकोच वाटतो, तो दोष सांगत नाही.

गॅरेजवाला_मन्या
+१. मित्र फक्त हॉर्न वाजवून बघतो.

टीएसआय_भक्त
मधल्या वाटेबद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून लिहितो. व्हर्टस आणि स्लाव्हिया आपल्या चाकणला बनतात, दोन्हींना ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाच तारे आहेत. त्यांचं १.० टीएसआय, म्हणजे एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ११५ पीएसचं आहे, १७८ न्यूटन-मीटर टॉर्क. भरलेल्या गाडीने घाट चढताना हा टॉर्क कामाला येतो. तिसऱ्या गिअरमध्ये निवांत जाते. १.५ घेतलं तर १५० पीएस, पण ते बजेटबाहेर. खालचं मॉडेल ऑन-रोड बाराच्या पुढेमागे बसेल. चकचकीत चाकं मिळणार नाहीत, पण पत्रा तोच, इंजिन तेच. मी माणसं घेऊन जाणार असेन तर पैसे पत्र्यावर घालीन.

अनुजा_९
सुरक्षेचा मुद्दा पटतो, पण नवी डिझायरही ग्लोबल एनकॅपला पाच ताऱ्यांची आहे आणि सहा एअरबॅग सगळ्या मॉडेल्सना आहेत. "छोटी म्हणजे कमकुवत" हे आता सरळ लागू होत नाही. आमच्याकडे हीच गाडी आहे. घरात चौघं. शहरात पार्किंग सोपं, मायलेज छान, पेट्रोलचा खर्च मनावर येत नाही. चार माणसांच्या घराला मी डोळे मिटून सांगेन. पाच जणांना, त्यातले दोन ज्येष्ठ, सात-आठ तासांच्या प्रवासाला... तिथे माझ्या मते मोठीच हवी. मागे मधल्या माणसाचे खांदे दोन्हीकडून दाबले जातात.

सातारी_कंदी
मागची सीट म्हणाल तर प्रत्येक गाडी वेगळी आहे. स्लाव्हिया-व्हर्टसचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २६५१ मिमी, पाय ठेवायला जागा आहे, पण सीटचा आकार दोघांसाठी कोरल्यासारखा. मधला माणूस अवघडतो. नव्या व्हर्नाचं छत मागे उतरतं, उंच माणसाचं डोकं जवळ येतं. सिटी आणि सियाझ या दोन तिघांना सगळ्यात सुखाच्या. सियाझमध्ये तर पाय पसरून बसता येतं. मुलगी नऊ वर्षांची म्हणजे मध्ये तीच बसणार. मधल्या जागेला खांद्यावरून येणारा बेल्ट आहे का ते बघा. जुन्या मॉडेल्समध्ये कमरेचाच बेल्ट असतो, आणि मुलाला तो पोटावर येतो. सहा-सात वर्षांनी हीच मुलगी बाबांइतकी उंच होईल, तेव्हाही तिला तिथेच बसायचं आहे.

रानवारा
सियाझ बंद झाली ना? बंद झालेली गाडी घ्यायची म्हणजे पुढे पार्टची वणवण.

गॅरेजवाला_मन्या
एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. पण २०१८ नंतरच्या सियाझमधलं १.५ पेट्रोल इंजिन अर्टिगा आणि ब्रेझातही होतं. रस्त्यावर तशा गाड्या ढिगाने आहेत. फिल्टर, ब्रेक, क्लच, सस्पेन्शनची वर्षानुवर्षं काळजी नाही. हेडलाइट, दिव्यांचे सेट, बंपर असे फक्त तिचेच असलेले भाग पुढे उशिरा मिळू लागतील. ज्यांना ऑटोमॅटिक हवी त्यांच्यासाठी: सियाझचा चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर जुन्या पद्धतीचा, सावकाश, पण टिकाऊ. सिटीचा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) पुण्याच्या ट्रॅफिकला सगळ्यात आरामाचा; फ्लुइड वेळेवर बदललं आहे का ते सर्व्हिसच्या बिलात शोधा. स्लाव्हिया-व्हर्टसच्या १.५ टीएसआयचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) चालवायला फार मजेचा, पण ड्राय क्लच आहे, म्हणजे तेलात बुडालेला नाही. रांगत जाणाऱ्या गर्दीत तापतो. वापरलेला घ्यायचा तर वाढीव वॉरंटी शिल्लक असलेलाच घ्या.

नाशिकची_द्राक्षं
इ२० बद्दल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल, कोणीतरी लिहा ना. जुनी गाडी घेतली तर इंजिन खराब होईल का?

गॅरेजवाला_मन्या
एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या इ२० धरूनच बनवल्या आहेत. त्याआधीच्या बहुतेक इ१० साठी. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, त्यामुळे मायलेज थोडं घटतं. रबरी पाइप आणि सील यांवर लक्ष ठेवायचं, आणि गाडी महिनोन्महिने टाकी अर्धी ठेवून उभी ठेवायची नाही, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. धागाकर्त्यांची गाडी कमी फिरणार आहे, म्हणून हे त्यांना जास्त लागू. पूर्ण हिशोबात मी यासाठी २०२१ ची चांगली गाडी सोडणार नाही.

सातारी_कंदी
आणि टायर. नाशिकला जाणार, पुढे कधीतरी समृद्धीवर जाणारच. १२० ची मर्यादा, सरळ काँक्रीट, उन्हाळ्यात तापलेलं. पाच वर्षांहून जुने टायर असलेली गाडी तिथे घालू नका, नक्षी कितीही शिल्लक दिसो. वापरलेल्या गाडीच्या किमतीतून चार टायरचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.

रानवारा
मी सुरुवातीला एका ओळीत एसयूव्ही म्हणालो होतो. आता एवढं वाचल्यावर प्रामाणिकपणे विचारतो: धागाकर्ते, आई-बाबांना घेऊन गेलात का?

घाटमाथा
गेलो. सविस्तर लिहितो.

आधी शोरूम. एका उंच गाडीत आईला चढवायला दोघं लागलो, तिने स्वतःच नको म्हटलं. डिझायरमध्ये बाबा पुढे अगदी छान बसले, पण मागे आम्ही तिघं बसून पाहिलं आणि बायकोने वॉरंटीचा आग्रह सोडला. व्हर्टसचं दार बंद होण्याचा आवाज ऐकूनच मी विरघळलो होतो, @टीएसआय_भक्त. पण आईला मधल्या जागेत दोन मिनिटंही बसवेना, आणि लेक मध्ये बसली तर तिला मागचा उंचवटा पायात येत होता.

मग वापरलेल्या. पहिली सिटी २०२० ची, व्यापाऱ्याकडे. "फक्त बंपर बदललाय." उजव्या फेंडरच्या दोन बोल्टांचे कोपरे उघडे पडलेले, हेडलाइट एक नवा एक जुना, आणि पॉलिसीवर बोनस शून्य. @गॅरेजवाला_मन्या, तुमचा प्रतिसाद मोबाइलवर उघडा ठेवूनच उभा होतो. तो माणूस म्हणाला, "साहेब, एवढं कोण बघतं?" आम्ही चहा पिऊन निघालो.

दुसरी २०२१ ची सिटी, पेट्रोल मॅन्युअल, एका घरगुती मालकाची, साताऱ्याची. किलोमीटर आणि सर्व्हिसच्या नोंदी जुळल्या. टायर मूळचे, चारही २०२१ चे, म्हणजे ते बदलावे लागणार. तेवढे त्यांनी किमतीत कमी केले. सांगितल्याप्रमाणे स्वतंत्र मेकॅनिककडे नेली. ब्रेक पॅड आणि बॅटरी सोडून काही निघालं नाही. मधल्या जागेला खांद्यावरचा बेल्ट आहे. बाबा पाठमोरे टेकून, दोन्ही पाय एकत्र आत घेऊन बसले आणि म्हणाले, "ही ठीक आहे." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. खाली उशी लागेल, ती शिवायला टाकली आहे.

एकच अडचण. गाडीवर अजून कर्ज आहे. मालक म्हणतात, तुम्ही मला पैसे द्या, मी बँकेत भरतो. माणसं चांगली आहेत, पण रक्कम मोठी. काय करावं?

हिशोबनीस
माणसं चांगली असली तरी पद्धत तीच ठेवा. मालकांना बँकेकडून कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र आणायला सांगा. तेवढी रक्कम थेट त्या कर्ज खात्यात तुम्ही भरा, उरलेली त्यांना, तीही गाडी नावावर करायचा अर्ज झाल्यावर. आधी व्यवहाराचा साधा करार लिहा: किंमत, कोणी किती कुठे भरले, ताबा कधी. कर्ज बंद झालं की बँक एनओसी आणि फॉर्म ३५ देते. त्यावरून आरसीवरचा बोजा उतरतो. बँकेच्या एनओसीला मुदत असते, कागद कपाटात ठेवू नका.

गॅरेजवाला_मन्या
नावावर करायला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, मालकांच्या सह्यांसह. विमा चौदा दिवसांच्या आत तुमच्या नावावर करून घ्या, नाहीतर गाडी ठोकली तर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकेल.

सांधेजोड
उशी शिवताना मागची कड पुढच्यापेक्षा अर्धा इंच उंच ठेवायला सांगा, उठताना कंबर पुढे यायला मदत होते. आणि सीटबेल्ट उशीवरून नीट बसतो ना, ते बघा. उशीला खाली न घसरणारं कापड लावा.

घाटमाथा
सगळ्यांचे आभार. शिंप्याला आजच फोन करतो. उद्या मालकांबरोबर बँकेत जातोय, पत्र तिथेच घेऊ.

गॅरेजवाला_मन्या
उद्याच दुसरी किल्लीही मागून घ्या. सिटीची नवी रिमोट किल्ली बनवायला बरेच पैसे पडतात, आणि "घरी कुठेतरी आहे" म्हणणाऱ्यांची ती सहसा सापडत नाही.